भूल चढतानाची दहा मिनिटं

पूर्ण भूल देताना रक्तदाबाला दोन धक्के बसतात आणि ते एकमेकांच्या उलट दिशेचे असतात. पहिल्या धक्क्यात दाब खाली घसरतो, दुसऱ्यात वर उसळतो. दोन्हींमध्ये जेमतेम तीन-चार मिनिटांचं अंतर. सर्जनने अजून चाकू हातातही घेतलेला नसतो, पण आम्हा भूलतज्ज्ञांचं सगळ्यात जोखमीचं काम तेव्हाच चाललेलं असतं. या दहा मिनिटांत काय होणार, यातलं बरंच काही आदल्या रात्री रुग्णाच्या घरी ठरून गेलेलं असतं. म्हणून हा लेख.

पहिला धक्का औषधाचा. बहुतेक ठिकाणी आज शिरेतून प्रोपोफॉल देतात. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांत मिसळलेलं, दुधासारखं पांढरं औषध. अर्ध्या-पाऊण मिनिटात माणूस झोपतो, आणि त्याच वेळी त्याच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. विहिरीवरची मोटार तीच, पाणी तेवढंच, आणि तुषारांची तोंडं दुप्पट मोठी केली तर पाण्याला जोर राहत नाही, तसंच इथे होतं. एरवी दाब असा पडला की मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांमधले संवेदक लगेच मेंदूला कळवतात. मग ठोके वाढतात, वाहिन्या आवळतात. बाजेवरून झटकन उठलो तरी आपल्याला चक्कर येत नाही, ती याच यंत्रणेमुळे. प्रोपोफॉल तिलाही गुंगी आणतं. त्यामुळे दाब उतरतो आणि नाडी मात्र जागची फारशी हलत नाही.

दुसरा धक्का नळीचा. रुग्ण झोपल्यावर लॅरिंगोस्कोपने, म्हणजे घसा पाहायच्या दिवा लावलेल्या पात्याने, जीभ उचलून श्वासनळीत नळी सरकवतात. घशाचा हा भाग अतिशय हळवा. माणूस बेशुद्ध असला तरी त्याच्या मज्जासंस्थेला ही ढवळाढवळ जाणवते आणि शरीर ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन रक्तात ओततं. काही सेकंदांत नाडी धावू लागते, वरचा रक्तदाब सहज वीस-तीसने चढतो. ज्याला मुळातच बीपी आहे, त्याचा आणखी जास्त. धडधाकट तरुण माणसात हे सगळं पाच-दहा मिनिटांत आपोआप शांत होतं. हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाला मात्र तेवढा वेळही महागात पडू शकतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं. मिनिटाला 60 ठोके असतील तर एका ठोक्याच्या वाट्याला एक सेकंद येतो आणि त्यातला मोठा भाग विश्रांतीचा असतो. ठोके 120 झाले की अर्धाच सेकंद उरतो, आणि कात्री लागते ती विश्रांतीच्या वेळेलाच. काम दुप्पट, पुरवठा कमी.

आता खरी अडचण लक्षात येईल. उसळी दाबायला औषध वाढवावं, तर आधीची घसरण खोल होते. घसरण टाळायला औषध कमी करावं, तर नळीच्या वेळी उसळी मोठी येते. या कामातलं कसब बरंचसं वेळ साधण्यात आहे. फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक द्यायचं ते नळीच्या तीन-पाच मिनिटं आधी, म्हणजे त्याचा जोर नेमका त्या क्षणी येतो. लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध शिरेतून द्यायचं तर साधारण दीड मिनिट आधी. नाडी फारच धावली तर ठोके कमी करणारं एस्मोलॉल, ज्याचा अंमल काही मिनिटांतच ओसरतो. वयस्कर माणसाला प्रोपोफॉल कमी लागतं, आणि ते सावकाश द्यावं लागतं. त्याचं रक्ताभिसरण मंद असतं, औषध मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ घेतं. त्या अर्ध्या मिनिटात ‘अजून झोपले नाहीत’ म्हणून घाई केली, की पुढे दाब कोसळलाच म्हणून समजा. भूल चढवायची दुसरी औषधंही आहेत: हृदय दुबळं असेल तर एटोमिडेट बरं, अपघातात रक्त गेलेलं असेल तर केटामिन. शेजारच्या ट्रेमध्ये मेफेंटरमिन किंवा फिनाइलएफ्रिनची सिरिंज लेबल लावून भरून ठेवलेली असते. पडलेला दाब त्यांनी उचलता येतो. सरासरी रक्तदाब (वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधला) 65 च्या खाली बराच वेळ राहिला, तर मूत्रपिंडाला आणि हृदयाला इजा होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे वाट पाहत बसायची सोय नसते.

भूल देताना नाडी पाहायची की श्वास, यावर एकेकाळी जगभर वाद झाला आणि त्याचं केंद्र होतं हैदराबाद. आपला मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. तेव्हा हुंगवून भूल देण्यासाठी वापरलं जाणारं क्लोरोफॉर्म देताना माणसं अचानक दगावत, आणि कारण कुणालाच नीट कळत नव्हतं. हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीतले सर्जन एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून श्वासावर लक्ष ठेवा, नाडीकडे पाहण्याची गरज नाही. 1888 मध्ये पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमलं गेलं. 1889 मध्ये दुसरं, त्याचा खर्च निजामाने उचलला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. शेकडो कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्याच बाजूने निघाला. त्या काळासाठी हे काम अफाट होतं, पण उत्तर अर्धवट होतं. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना ॲड्रेनलिन अंगात गेलं, तर हृदयाचे ठोके विस्कटून ते थेट बंद पडू शकतं. श्वास चालू असतानाच. म्हणजे भूल कच्ची असताना घाबरलेल्या, दुखावलेल्या शरीरातून आलेलं ॲड्रेनलिन हाच घातक घटक होता. क्लोरोफॉर्म केव्हाच मागे पडलं. हल्लीची औषधं हृदयाला तसं भडकवत नाहीत. नळीच्या वेळची उसळी मात्र त्याच ॲड्रेनलिनची आहे.

दाब मोजण्याचा पट्टा तेव्हा नव्हताच. इटलीत रिवा-रोची यांनी तो 1896 मध्ये तयार केला. 1901 मध्ये अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी तो पाहिला, अमेरिकेला नेला आणि ऑपरेशनच्या वेळी वापरायला लावला. आज भूल देताना तोच पट्टा दर मिनिट-दोन मिनिटांनी दंडावर फुगतो.

आता घरचं. आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम संपवून परतलेली माणसं साठलेली दुखणी घेऊन ऑपरेशनला येतात ती एप्रिल-मेमध्ये. पारा बेचाळीसला टेकलेला, अंगातलं पाणी आधीच आटलेलं, त्यात ‘ऑपरेशन आहे’ म्हणून आदल्या संध्याकाळपासून घोटभर पाणीही नाही. टेबलावर घेण्याआधी विचारावं, “मावशी, सकाळी बीपीची गोळी घेतली का?” तर उत्तर येतं, “न्हाई सायेब, उपाशीपोटी गोळी कशी घेऊ? पान्याचा थेंबबी घ्यायचा न्हाई म्हनले व्हते.” जीभ कोरडी, ओठांना भेगा, नाडी 104, दाब 180. आकडा मोठा दिसतो म्हणून फसू नये. आवळलेल्या वाहिन्यांनी तो कसाबसा धरून ठेवलेला असतो. प्रोपोफॉलने त्या सुटल्या की अशाच रुग्णाचा दाब सगळ्यात खोल जातो.

हे टाळता येतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनला साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. कोरा चहाही चालतो, दुधाचा नाही. दूध आणि हलकं खाणं सहा तास आधी बंद, तळलेलं-मटण आठ तास आधी. पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं, म्हणून त्याला एवढी मुभा आहे. आतड्यात अडथळा असेल, दिवस भरत आलेली बाई असेल किंवा तातडीचं ऑपरेशन असेल, तर नियम वेगळे. ते डॉक्टरच सांगतील.

बीपीच्या गोळ्यांचंही तसंच. अम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल सुरू असेल तर सहसा त्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात. शेवटच्या दोन अचानक बंद केल्या तर नाडी उलट जोरात धावते. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल मात्र पुष्कळ भूलतज्ज्ञ चोवीस तास आधी थांबवतात, कारण ती घेतलेल्यांचा दाब भूल चढताना जास्त पडतो. यावर तज्ज्ञांत एकमत नाही, म्हणून आपापल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. साखरेच्या गोळीचा हिशोब याहून निराळा, ती उपाशीपोटी मनाने घेऊ नका.

आणखी एक गोष्ट लपवू नये, ती म्हणजे तंबाखू आणि गुटखा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तोंडं उघडेनाशी झालेली पंचविशीतली पोरं तपासणीला येतातच. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नसतील तर नळी घालणं अवघड होतं, लॅरिंगोस्कोप जास्त वेळ घशात राहतो आणि दुसरा धक्का तेवढाच लांबतो. हे आधी कळलं तर दुर्बिणीने, रुग्ण जागा असतानाच घसा बधिर करून नळी घालायची तयारी ठेवता येते. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून तपासणीला आणा, अर्ध्या वापरलेल्यासुद्धा.