साखळी सोडली, तरी इंजिन पडत कसं नाही?

परवा एक व्हिडिओ आला. एक किडकिडीत पोरगा साखळी ओढतोय आणि जीपचं इंजिन हळूहळू वर चढतंय. खाली लिहिलेलं, ‘कप्पीची कमाल, ताकद २४ पट!’ ताकद फुकट कुठेच मिळत नाही, ते पुढे येईलच. पण मला भलतंच आवडलं. पोराने मध्येच साखळी सोडून घाम पुसला, आणि इंजिन जागच्या जागी लटकत राहिलं. विहिरीवर दोर असा सोडला तर घागर थेट तळाला जाते!

व्हिडिओतला चेन ब्लॉक, म्हणजे साखळी ओढून वजन चढवायचं यंत्र, जुन्या घाटाचा होता. या घाटाला डिफरन्शियल पुली म्हणतात; ती इंग्लंडच्या थॉमस वेस्टन यांनी १८५४मध्ये शोधली. वरती एकाच आसावर दोन चाकं, एकमेकांना घट्ट जोडलेली. मोठ्याच्या कडेला साखळी बसायला समजा १२ घरं, धाकट्याला ११. खाली हूक असलेली सुटी कप्पी. आणि या सगळ्यांतून फिरणारी एकच अखंड साखळी.

आता वरची जोडी एक फेरा फिरवा. मोठं चाक १२ घरं साखळी वर घेतं, धाकटं ११ घरं खाली सोडतं. खालचा झोळ आखडला फक्त एका घराने, आणि तो दोन पदरांत वाटला गेल्याने वजन चढलं अर्धंच घर. तुम्ही ओढलीत १२ घरं. बारा भागिले अर्धा, म्हणजे २४. व्हिडिओतली ‘कमाल’ ती हीच. वजन एक मीटर चढवायला २४ मीटर साखळी ओढावी लागते, हे मात्र मथळ्यात नसतं.

२४० किलोला कागदावर १० किलोचा जोर पुरेल. प्रत्यक्षात समजा २५ किलोचा लागला. एक मीटर चढाईसाठी तुम्ही घातलेलं काम २५ गुणिले २४, म्हणजे ६००. वजनाच्या वाट्याला आलं २४०. उरलेलं ३६० घर्षणाने खाल्लं. आता साखळी सोडा. वजनाला खाली यायचं तर चाकं उलटी फिरवायला हवीत, आणि ढोबळमानाने तेवढंच घर्षण पुन्हा आडवं येतं. वजनाच्या गाठीला २४०, घर्षण मागतंय ३६०. जमत नाही! निम्म्याहून जास्त श्रम वाया घालवणारं यंत्र आपोआप अडकून राहतं. ज्या घर्षणाला आपण शाळेपासून नावं ठेवतो, तेच इथे राखण करतं.

हल्ली गॅरेजमध्ये दिसतात ते बहुतेक दातेरी चक्रांचे ब्लॉक. त्यांत श्रम कमी वाया जातात, म्हणून वेगळा ब्रेक लागतो. वजनाच्याच ओढीने आतला स्क्रू आवळतो, ब्रेकच्या चकत्या दाबल्या जातात आणि खिटी चाकाला मागे फिरू देत नाही. वजन चढवताना टिकटिक ऐकू येते ती या खिटीची.

आमच्याकडच्या एका गॅरेजात खंडेनवमीला चेन ब्लॉकला झेंडूची माळ, हुकाला लिंबू-मिरची, आणि पूजेआधी भक्तिभावाने ब्रेकसकट सगळीकडे तेल. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स अर्ध्यावरून खाली सरकू लागला. नशिबाने खाली कोणी नव्हतं. ‘दृष्ट लागली,’ म्हणून मालकाने नवं लिंबू आणायला पोराला पाठवलं. मी चकत्या पुसायला रॉकेल मागितलं.