डब्यावरचे नाव आणि रेडिएटरमधले सोल्डर

1965 ची शेव्हर्लेची शेव्ही टू नोव्हा घ्यायची, तिच्यातले सहा सिलिंडरचे इंजिन आणि पॉवरग्लाइड हा दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवायचा, आणि त्या जागी जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यातले आठ सिलिंडरचे व्ही-8 इंजिन फोर-एल-सिक्स्टी-ई या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह बसवायचे, हा अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा आता रुळलेला बेत आहे. माउंट, वायरिंग, पेट्रोल पंप यांवर महिनोन्‌महिने खल होतो. गिअरबॉक्समध्ये तेल कोणते घालायचे आणि ते गार कुठे करायचे, हे मात्र बहुतेकदा शेवटच्या शनिवारी ठरते. तेही दोन वेगळे प्रश्न धरून: तेल दुकानात जे मिळेल ते, आणि कूलर जिथे जागा उरेल तिथे.

हे दोन्ही एकाच प्रश्नाचे भाग आहेत असे मला ठामपणे वाटते. त्याचे कारण गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात एक देवमासाही आहे.

सुरुवात 1939 ची. जनरल मोटर्सने (शेव्हर्ले, पॉन्टिअ‍ॅक, ओल्ड्समोबाइल, ब्यूइक आणि कॅडिलॅक ही सगळी तिचीच नावे) 1940 च्या ओल्ड्समोबाइलवर 57 डॉलर जादा आकारून हायड्रा-मॅटिक द्यायला सुरुवात केली. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यामागच्या चमूचा प्रमुख अर्ल थॉम्पसन, म्हणजे ज्याने त्याआधी कॅडिलॅकला सिंक्रोमेश, म्हणजे हाताने गिअर बदलताना दाते न खरखरता जुळवणारी रचना, दिला तोच अभियंता. हायड्रा-मॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये फ्लुइड कपलिंग होते: समोरासमोर ठेवलेल्या पात्यांच्या दोन वाट्या आणि मध्ये तेल. एक वाटी फिरली की तेलाच्या झोताने दुसरी फिरते. दोन वाट्यांच्या वेगात जो फरक राहतो, तो सगळा उष्णता होऊन तेलात उतरतो. पण वरच्या गिअरमध्ये इंजिनच्या ताकदीचा काही भागच या कपलिंगमधून जात असे, त्यामुळे घसरण कमी आणि ताप आटोक्यात. युद्धात हाच गिअरबॉक्स दोन कॅडिलॅक इंजिनांना जोडून एम-5 स्टुअर्ट रणगाड्यात गेला आणि टिकला.

चित्र बदलले 1948 च्या ब्यूइक डायनाफ्लोने. यात टॉर्क कन्व्हर्टर आला. दोन वाट्यांच्या मध्ये तिसरे, स्थिर पात्यांचे चाक बसवले की गाडी जागची हलताना इंजिनचा टॉर्क वाढून मिळतो. डायनाफ्लो गिअर न बदलताच चाले, सगळे काम कन्व्हर्टरवर टाकून. चालवायला लोण्यासारखा मऊ, पण सतत घसरणारा आणि म्हणून सतत तापणारा. हे तेल इंजिनच्या पाण्याकडून गार करून घ्यावे लागले. पुढे सर्वमान्य झालेली रचना म्हणजे रेडिएटरच्या गार बाजूच्या टाकीतच तेलाची एक बंद नळी बुडवून ठेवायची. या रचनेचा एक गुण आज विसरला जातो. डेट्रॉइटच्या हिवाळ्यात गाडी सुरू झाली की हेच पाणी घट्ट झालेल्या तेलाला लवकर ऊबही देते.

सगळ्यांनी ही वाट धरली नाही. 1951 च्या फोर्ड-ओ-मॅटिकमध्ये आणि पुढे चार-सहा सिलिंडरच्या छोट्या शेव्हर्लेंमधल्या पॉवरग्लाइडमध्ये कन्व्हर्टरच्या बाहेरून पंख्यासारखी पाती होती. कन्व्हर्टरभोवतीच्या आवरणाच्या, म्हणजे बेलहाउसिंगच्या, झरोक्यातून हवा ओढायची आणि तिच्यावर भागवायचे. त्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये तेलाची नळीच नाही, आणि गिअरबॉक्सवर कूलरसाठी तोंडेही नाहीत. आपल्या बेतातली शेव्ही टू बहुधा याच जातीची निघते. जुना रेडिएटर धुऊन-पुसून परत लावू म्हणणारा इथेच अडकतो.

आता तेलाकडे. 1949 मध्ये जनरल मोटर्सने टाइप ए नावाचे मानक काढले आणि बाहेरच्या तेल कंपन्यांना ते बनवायची परवानगी दिली. डब्यावर एक्यू-एटीएफ असा क्रमांक असे. लाल रंगाचे कारण अगदी साधे होते: इंजिन ऑइलशी गल्लत होऊ नये आणि गाडीखाली थेंब पडला तर तो कुठला हे लगेच कळावे. पन्नासच्या दशकात हे तेल जवळजवळ सार्वत्रिक झाले. 12 ऑगस्ट 1953 रोजी मिशिगनमधल्या लिव्होनियाचा हायड्रा-मॅटिक कारखाना आगीत बेचिराख झाला, तेव्हा कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाइलने हजारो गाड्यांत चक्क ब्यूइकचा डायनाफ्लो बसवला, आणि पॉन्टिअ‍ॅकने शेव्हर्लेचा पॉवरग्लाइड. कंपनीने स्वतःच केलेला स्वॅप, म्हणजे अदलाबदल, म्हणायचा तो. निदान तेलाचा घोळ त्यात झाला नाही.

1957 मध्ये टाइप ए सफिक्स ए आले. घोळ 1967 ला झाला. त्या वर्षी जनरल मोटर्सने डेक्सरॉन आणले आणि फोर्डने टाइप एफ. दोन्ही लाल, दोन्ही पातळ, दोन्ही ऑटोमॅटिकसाठी, पण स्वभाव परस्परविरुद्ध. डेक्सरॉनमध्ये घर्षण बदलणारे रसायन असते. गिअर बदलताना आतल्या क्लच प्लेटा एकमेकींना पकडत येतात आणि घसरण शून्याकडे जाते, तसे घर्षण हळूच उतरते आणि गिअर न जाणवता बदलतो. टाइप एफमध्ये ते रसायन नाही. शेवटच्या क्षणी पकड उलट वाढते आणि गिअर ठणकन बसतो. फोर्डच्या प्लेटांचे अस्तर आणि त्यांचे क्षेत्रफळ त्या हिशेबाने ठरवलेले होते. डब्यावरचे नाव म्हणजे आतल्या अस्तराशी केलेला करार, हे इथे पहिल्यांदा स्पष्ट झाले. आजही ‘टाइप एफ घाल, गिअर कडक पडेल’ असा सल्ला सर्रास ऐकू येतो. जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्समध्ये त्याने कडकपणा येतोही, पण गिअर कसा पडावा हे ठरवायला व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाचा दाब आणि वाट ठरवणारा भाग, आहे. ते काम तेलाकडून करून घेणे मला पटत नाही.

आणि आता देवमासा. सुरुवातीच्या डेक्सरॉनमधले घर्षण बदलणारे रसायन स्पर्म व्हेलच्या तेलापासून बनत असे. हे तेल रासायनिकदृष्ट्या नेहमीच्या चरबीसारखे नसून द्रवरूप मेण आहे. ते उष्णतेत तग धरते, धातूला चिकटून पातळ थर धरते आणि गारठ्यात लवकर गोठत नाही. प्रयोगशाळेत इतके सोयीचे दुसरे काही हाताशी नव्हते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले आणि त्याच्या तेलाची आयात बंद झाली. हे फार आधी व्हायला हवे होते. तेल कंपन्यांना पर्याय शोधावा लागला. त्या शोधात सोनोरन वाळवंटातल्या होहोबा झुडपाकडेही लक्ष गेले, कारण त्याच्या बियांतही तसेच द्रवरूप मेण असते.

1973 मध्ये नव्या रसायनांसह डेक्सरॉन-टू बाजारात आले. क्लच प्लेटांना ते मानवले. रेडिएटरला मानवले नाही. टाकीतला तेलाचा कूलर पितळेचा, त्याचे सांधे सोल्डरचे, आणि नव्या तेलातली रसायने नेमकी तेच खाऊ लागली. सांधा उघडला की तेल पाण्यात जाते, आणि गाडी बंद झाल्यावर पाणी तेलात येते. कूलंटमधले ग्लायकॉल क्लच प्लेटांच्या कागदी अस्तराचा गोंद सोडवते. गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे पॅन उघडल्यावर लाल तेलाऐवजी गुलाबी मिल्कशेक दिसला, तर तो गिअरबॉक्स पूर्ण खोलण्यावाचून इलाज नसतो. शेवटी गंजरोधक घालून डेक्सरॉन-टू-डी काढावे लागले, आणि दशकाच्या उत्तरार्धात तेच चालू राहिले. तेल बदलले ते समुद्रातल्या प्राण्यासाठी, आणि किंमत चुकवली रेडिएटरच्या सोल्डरने. तेल आणि कूलर वेगळे धरता येत नाहीत, असे मी सुरुवातीला म्हटले ते यामुळे.

त्यानंतरची गोष्ट लॉकअपची. कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू एका क्लचने घट्ट जोडल्या की घसरण संपते आणि ताप एकदम उतरतो. पॅकार्डने हे 1949 मध्येच केले होते, पण सर्रास झाले ते पेट्रोल महागल्यावर: क्रायस्लरने 1978 ला आणि पाठोपाठ जनरल मोटर्सने. जनरल मोटर्सचा 1982 चा सेव्हन-हंड्रेड-आर-फोर हा गिअरबॉक्स त्याच पिढीतला. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत हा गिअरबॉक्स बसवणारे पुष्कळ जण लॉकअपची वायर जोडतच नाहीत. गाडी चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. हायवेवर ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरमध्ये, कन्व्हर्टर तासन्‌तास घसरत राहतो, आणि मग दोष कूलर लहान असल्याला दिला जातो. याच गिअरबॉक्सला अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे ते कळवणारी थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल चुकीची लागली, तर आतला दाब कमी पडून क्लच जळतात. तिथे तर कितीही मोठा कूलर उपयोगाचा नाही.

नव्वदच्या दशकात इंधन आणखी वाचवण्यासाठी लॉकअप क्लच मुद्दाम किंचित घसरता ठेवू लागले. जुन्या तेलात तो थरथरायचा. 1993 चे डेक्सरॉन-थ्री त्या काळातले, आणि आपल्या बेतातला फोर-एल-सिक्स्टी-ई सुद्धा. 2005 मध्ये सहा गिअरच्या नव्या गिअरबॉक्ससाठी डेक्सरॉन-सिक्स आले. ते जास्त पातळ आहे, पण वापरात त्याचा दाटपणा फारसा उतरत नाही. जनरल मोटर्सने ते स्वतःच्या जुन्या डेक्सरॉन गिअरबॉक्सनाही चालेल असे सांगितले आणि डेक्सरॉन-थ्रीचे परवाने देणे बंद केले. म्हणून आज ‘थ्री’ असे लिहिलेला डबा मिळाला, तर त्यामागे जनरल मोटर्सची तपासणी नसते. नवे अस्तर आणि नवे सील घालून बांधलेल्या फोर-एल-सिक्स्टी-ई मध्ये मी बेधडक सिक्स घालेन. इंजिन एलएस आहे की आणखी कुठले, याचा तेलाच्या निवडीशी संबंध नाही. तेल गिअरबॉक्स ठरवतो. साठच्या दशकातल्या फोर्डच्या गिअरबॉक्सला त्याच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच द्यायचे.

इंजिनचा संबंध येतो कूलरशी. जुन्या इंजिनांचे थर्मोस्टॅट बहुधा 70 ते 80 अंश सेल्सिअसला उघडत. एलएसचे उघडते 85 ते 90 च्या आसपास. म्हणजे रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरभोवतीचे पाणीच आधीपेक्षा गरम. त्यात ताकद दुपटीहून जास्त, आणि इंजिनच्या झडपा उघडणारी कॅमशाफ्ट मोठी असेल तर जास्त आरपीएमवर पकडणारा कन्व्हर्टर. म्हणून टाकीत कूलर असलेला नवा रेडिएटर आणि शिवाय बाहेरचा हवेवरचा कूलर, अशी जोडी बरी. तेल आधी रेडिएटरमध्ये जावे, मग हवेच्या कूलरमध्ये, आणि तिथून गिअरबॉक्सकडे. उलट केले तर हवेने गार झालेले तेल पुन्हा गरम पाण्यात जाते.

परतीची ही नळी नुसती पॅनमध्ये रिकामी होत नाही. जनरल मोटर्सच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये कूलरहून आलेले तेल गिअरच्या आणि बुशच्या वंगणाला जाते. अरुंद कूलर, चेपलेली नळी किंवा आधीच्या मेलेल्या गिअरबॉक्सचा कचरा साठलेला जुना कूलर म्हणजे थेट वंगणाची उपासमार. थरांच्या प्लेटचा कूलर आतून नीट धुतला जात नाही, तो बदललेलाच चांगला. नळ्या स्टीलच्या आणि दोनदा फ्लेअर केलेल्या, म्हणजे टोके पसरवून दुमडलेल्या, हव्यात. तांब्याची नळी हादऱ्यांनी तडकते, आणि पेट्रोलची रबरी नळी या गरम तेलापुढे टिकत नाही.

मुंबईशी या गाड्यांचे नाते जुने आहे. 1928 ते 1954 या काळात जनरल मोटर्सच्या गाड्या शिवडीला जोडल्या जात होत्या. इथे इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओची परवानगी आधी लागते. आणि कूलरच्या बाबतीत इथला खरा शत्रू वेग नसून सिग्नल आहे. ड्राइव्हमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उभ्या असलेल्या गाडीचा कन्व्हर्टर तेल घुसळत असतो आणि कूलरमधून वारा जात नसतो. हवेच्या कूलरला स्वतःचा विजेचा पंखा आणि तो चालू करणारा तापमानाचा स्विच दिलेला असेल, तरच दादरच्या दुपारी त्याचा उपयोग. तेल 80 अंशांच्या आसपास राहिले तर दीर्घकाळ टिकते, आणि त्यावर दर 11 अंशांना आयुष्य निम्मे होते असा कारागिरांचा अंदाज आहे. तापमान मोजायचे तर सेन्सर पॅनमध्ये बसवायचा. गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या नळीत बसवला तर आकडा बराच वर दिसतो, कारण तिथले तेल नुकतेच कन्व्हर्टरमधून आलेले असते.