कॅथेटर घ्यायला येताना रिकामं पाकीट आणा
(मूत्राशय, म्हणजे पोटातली लघवीची पिशवी, मोठी करण्याचं ऑपरेशन झालेल्या मुलांच्या पालकांसाठी)

लघवी काढायची नळी म्हणजे कॅथेटर. "मागच्या वेळी नेली तसलीच नळी द्या" म्हटलं, की आमच्या दुकानाच्या काउंटरवर अर्धा तास मोडतो आणि तुमची बारामतीची एसटी चुकते. विचारलं तर उत्तर मिळतं, "हिरव्या टोकाची." पण रंगावरून फक्त जाडी कळते: निळं ८, काळं १०, पांढरं १२, हिरवं १४. नंबराला तीनने भागलं की मिलिमीटर. म्हणजे १२ नंबर ४ मिलिमीटर जाड. लांबी आणि मटेरियल पाकिटावरच छापलेलं असतं, आणि पाकीट आपण कचऱ्यात टाकलेलं असतं.

सगळ्यात जास्त घोळ लांबीचा. मुलगी आहे म्हणून आखूड, साधारण २० सेंटिमीटरची नळी नेतात. पण अपेंडिक्सची वाट करून बेंबीतून लघवी काढायची असेल (मित्रोफॅनॉफ), तर ती तळापर्यंत पोचेलच असं नाही. लघवी मागे राहते. पिशवीला आतड्याचा तुकडा जोडलेला असल्यामुळे आत शेंबडासारखा चिकट स्राव होतच असतो. तो साचला की इन्फेक्शन, पुढे खडे. अशा मुलांसाठी आम्ही ४० सेंटिमीटरची ठेवतो. तरी लांबी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

लाल रबरी नळी स्वस्त पडते, पण या मुलांसाठी मागितलीत तरी आम्ही देत नाही. यांत स्पायना बिफिडाची (जन्मतः पाठीच्या कण्यात दोष असलेली) मुलं असतात, आणि त्यांना लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची, ॲलर्जी बरीच आढळते. आमच्याकडच्या पीव्हीसी आणि सिलिकॉनच्या नळ्यांत लॅटेक्स नाही. दोन पैसे जास्त लागतात, हे खरं.

पिशवी धुण्यासाठी सलाईनबरोबर रुंद, निमुळत्या तोंडाची ५० मिलीची सिरिंज मागा. इंजेक्शनची सिरिंज नळीत नीट बसत नाही, सगळं अंगावर सांडतं. लघवी स्वच्छ दिसते म्हणून धुणं परस्पर बंद करू नका.

फोडलेलं पाकीट परत घेत नाही. यावरून वाद होतात, पण तीच नळी उद्या तुमच्या मुलाला दिलेली चालेल का? सीलबंद असेल तर बिल दाखवून बदलून मिळेल.

पोट अचानक दुखलं, फुगलं, ताप आला किंवा नळीतून काहीच येईना, तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

पाकिटाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलात तर माल काढून ठेवतो, गावी कुरियरही करतो. दुपारी दुकान उघडं असतं, सदाशिव पेठेत असूनही.