मोटारींचे वापरलेले अंतर्भाग (फियाट–पद्मिनी)

जुन्या मोटारीतील आसने, डॅशबोर्ड, स्पीडोमीटर, स्टिअरिंग चक्र, डोअर पॅड (दरवाजाचे आतील आच्छादन), काचेची हँडले, नॉब व छताचे अस्तर हे भाग मोडीत निघालेल्या गाडीतून सोडवून पुन्हा विकण्याचा व्यवहार. या नोंदीत मुख्यत्वे मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या (स्थापना १९४४, संस्थापक वालचंद हिराचंद) फियाट ११०० व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचा विचार केला आहे. इंजिनाचे भाग लेथवर घडवता येतात किंवा पर्यायी मिळतात; आसनकक्षातील साच्यातून काढलेल्या वस्तूंना मात्र बहुधा दुसऱ्या गाडीखेरीज स्रोत नसतो. त्यामुळे या व्यवहाराला गाडीशौकिनांच्या लेखी वेगळे महत्त्व आहे.

भागाचे मूल्य तो कोणत्या वर्षाच्या गाडीचा यावर ठरते आणि मतभेदही तेथेच आहेत. भारतात फियाट ११००-१०३ ची जुळणी १९५४च्या सुमारास सुरू झाली. ‘डिलाइट’ ही आवृत्ती काही नोंदींत १९६४, तर काहींत १९६५ अशी आढळते. यांपैकी पहिले वर्ष अधिक ग्राह्य वाटते. ‘प्रेसिडेंट’ हे नाव १९७२च्या सुमारास आणि ‘पद्मिनी’ हे १९७४च्या सुमारास आले असे सामान्यतः मानतात. तथापि नाव बदलले तेव्हा आतील सामान लगेच बदलले असे गृहीत धरता येत नाही. कारखान्यात शिल्लक साठा पुढील गाड्यांना वापरला जाणे स्वाभाविक होते. म्हणून एखादा नॉब ‘डिलाइटचा’ असल्याचे दुकानदाराने सांगितले, तर त्यातून फार तर एक कालखंड कळतो. स्पीडोमीटरच्या तबकडीवरील वेग्लिया या इटालियन निर्मात्याचे नाव आयात भागाचे चिन्ह मानण्याचा प्रघात आहे; परंतु तबकड्या सहज अदलाबदल होत असल्याने तो पुरावा दुबळा आहे. मैलांचे आकडे असलेला स्पीडोमीटर दशमान पद्धत रुळण्यापूर्वीचा असावा, हा तर्क त्यापेक्षा बरा.

दरवाजांबाबत संदिग्धता कमी आहे. डिलाइटपूर्वीच्या गोलाकार गाड्यांचे (लोकांच्या तोंडी ‘डुक्कर फियाट’) पुढचे दरवाजे मागील खांबाला बिजागरलेले असत व उलटे उघडत. डिलाइटपासून ते पुढून बिजागरलेले आहेत. परिणामी कुलपाचे हँडल पॅडच्या विरुद्ध टोकाला जाते आणि एका गाडीचा पॅड दुसरीला चालत नाही. काचेच्या हँडलाची क्रोमची चमक पाहण्यापेक्षा आतील खाच तपासावी, कारण ती झिजली असल्यास हँडल दांडीवर नुसते गरगर फिरते. आसन घेताना जाणकार रेक्झिनची खालची कड उचलून स्प्रिंगा आणि काथ्याचा थर पाहतात. रेक्झिन कोणताही कुशनवाला नवे चढवून देतो, पण गंजलेला सांगाडा दुरुस्त करणे महाग पडते. स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअरची मूठही अशीच शोधून घ्यावी लागते, विशेषतः मधल्या काळात कोणी गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून गाडीच्या तळावर आणला असेल तर.

पुरवठ्याचा मोठा भाग मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून आला. पद्मिनीचे उत्पादन २०००–०१च्या सुमारास थांबले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती सेवेतून गेली. टॅक्सीचा डॅशबोर्ड पंखा, देवाची तसबीर वा जादा दिवा बसवण्यासाठी पाडलेल्या स्क्रूच्या भोकांवरून ओळखू येतो, आणि त्यामुळे त्याला खासगी गाडीच्या डॅशबोर्डापेक्षा कमी भाव मिळतो. हा माल कुर्ल्याचा सीएसटी रोड, मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार येथे मिळतो. महाराष्ट्राबाहेर दिल्लीचे मायापुरी व चेन्नईचे पुदुपेट्टै प्रसिद्ध आहेत. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्यांविरुद्धच्या कारवाईनंतर डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाला.

चासी व इंजिन यांवर क्रमांक असतो. आसनकक्षातील बहुतेक वस्तूंवर नसतो. त्यामुळे मालाचे मूळ सिद्ध करणे कठीण जाते, आणि चोरीचा माल ठाऊक असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा असल्याने मोडीत काढलेल्या गाडीच्या कागदपत्रांची प्रत मागून घेणे इष्ट ठरते.

जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या, म्हणजे मोठा फेरबदल न केलेल्या वाहनाची ‘व्हीए’ (व्हिंटेज वाहनांच्या) क्रमांकमालिकेत नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे वैध असते. या नियमांत मोठ्या फेरबदलाच्या व्याख्येत चासी, बॉडी व इंजिन यांचा उल्लेख आहे. यावरून अंतर्भाग बदलण्यास मोकळीक आहे असे काही जण समजतात, तर ‘मूळ स्वरूप’ या शब्दांत आतली सजावटही येते असे इतरांचे म्हणणे असते. नियमाच्या शब्दांशी पहिला अर्थ अधिक जुळतो. नोंदणी आणि प्रदर्शनातील परीक्षण या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत: परीक्षक मूळपणाला गुण देतात, आणि तेथे नव्या कोऱ्या रेक्झिनपेक्षा योग्य वर्षाचे, थोडे विटलेले आसन सरस ठरू शकते.