अंगणातला तो पक्षी हमिंगबर्ड नव्हे

जास्वंदीला लोंबकळून मध पिणाऱ्या चिमुकल्या, चकचकीत पक्ष्याला ‘हमिंगबर्ड’ म्हणण्याची चूक वर्षानुवर्षे चालत आली आहे. तो शिंजीर होय. हमिंगबर्डच्या सुमारे ३६० जाती केवळ अमेरिका खंडांत व लगतच्या बेटांवर आढळतात आणि त्यांचे जवळचे नाते पाकोळी (स्विफ्ट) या पक्ष्यांशी आहे. शिंजीर मात्र चिमणी-कावळ्यांच्याच, म्हणजे फांदी पकडून बसणाऱ्या पक्ष्यांच्या गणातला असून त्याचे कुल आफ्रिकेपासून दक्षिण आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरले आहे. लांब चोच दोघांकडे फुलांतील रसापायी स्वतंत्रपणे घडली. शिंजीरही क्षणभर हवेत स्थिरावतो (घोटाळा बहुधा तिथेच होतो), पण लगेच देठावर बसतो आणि फूल खोल असेल तर बुडाशी भोक पाडून सरळ रस चोरतो.