कच्छचे मोठे रण

गुजरातमधील कच्छ जिल्ह्याच्या उत्तरेस पसरलेला क्षारमय सपाट प्रदेश. त्याची उत्तरेकडील कड पाकिस्तानच्या सिंध प्रांतात जाते. क्षेत्रफळाचे आकडे हद्द कोठे धरली यानुसार बदलतात. साधारण १८,००० चौ. किमी. हा अंदाज बहुधा दिला जातो. आग्नेयेस असलेले छोटे रण वेगळे असून ते रानगाढवे आणि अगरियांच्या (मीठ पिकवणाऱ्या समाजाच्या) मिठागरांसाठी ओळखले जाते. खानदेशातून सुरत-अहमदाबादमार्गे भूजला जाणारे लोक ‘रण पाहिले’ म्हणतात तेव्हा त्यांना कच्छच्या उत्तरेकडील धोर्डो गावाजवळचे पांढरे रण अभिप्रेत असते. तो मोठ्या रणाचा अगदी लहान भाग आहे.

नाव : ‘रण’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तो संस्कृत ‘इरिण’ (खारवट, ओसाड जमीन) यापासून आला. हा शब्द ऋग्वेदात आढळतो. दुसरे मत तो ‘अरण्य’ शब्दाशी जोडते. प्राकृतात ‘अरण्य’चे ‘रण्ण’ होते आणि मराठी ‘रान’ त्याच वाटेने आले, तेव्हा हे मत ध्वनिदृष्ट्या अशक्य नाही. तथापि गुजरातीत ‘रान’ आणि ‘रण’ हे दोन्ही शब्द वेगवेगळ्या अर्थांनी नांदतात, ही गोष्ट पहिल्या मताला अनुकूल आहे. शिवाय इसवी सनाच्या पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सिंधूच्या मुखापलीकडे ‘एरिनॉन’ नावाचे, गलबतांना अगम्य असे आखात सांगितले आहे आणि त्याचे ‘लहान’ व ‘मोठे’ असे दोन भाग दिले आहेत. नाव आणि विभागणी या दोहोंचे हे साम्य योगायोगाचे मानणे कठीण. ‘रण’ म्हणजे युद्धभूमी हा मराठी शब्द याहून निराळा. अहिराणीत ‘ण’चा ‘न’ होतो, त्यामुळे खानदेशी बोलण्यात ‘रण’ आणि शेताचे ‘रान’ फार जवळ येतात. कच्छातील आहीर समाज आणि अहिराणीचे नाव यांची सांगडही पुष्कळदा घातली जाते. दोन्ही नावांमागे आभीर ही प्राचीन पशुपालक जमात असणे संभवते. पण त्यावरून थेट नाते सिद्ध झाले असे म्हणणे घाईचे होईल.

उत्पत्ती : रण हा पूर्वी समुद्राचा उथळ फाटा होता आणि नद्यांचा गाळ व भूकवचाची हालचाल यांमुळे तो भरून वर आला, हे सामान्यतः मान्य आहे. तो केव्हा भरला आणि त्यात गाळाचा वाटा किती, उत्थानाचा किती, यांवर एकमत नाही. १६ जून १८१९ च्या भूकंपाने मात्र ही घडण माणसांच्या डोळ्यांदेखत झाली. सिंदरीचा किल्ला व त्याभोवतीची जमीन खचून पाण्याखाली गेली, आणि तिच्या उत्तरेस साधारण ८० ते ९० किमी. लांबीचा, काही ठिकाणी सहा मीटरांच्या आसपास उंचीचा बांध उभा राहिला. हे मानवी हातांचे काम नव्हे म्हणून लोकांनी त्याला ‘अल्ला बंद’ (ईश्वराचा बांध) म्हटले. अलेक्झांडर बर्न्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने पुढे या भागाची पाहणी केली आणि भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल याने आपल्या भूविज्ञानविषयक ग्रंथात या घटनेची दखल घेतली. कच्छच्या पश्चिम टोकाकडील लखपत बंदराच्या ऱ्हासाचे कारण म्हणून हा भूकंप सांगण्याची प्रथा आहे. परंतु सिंधच्या राज्यकर्त्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घातलेल्या बंधाऱ्यांनी सिंधूच्या फाट्याचे पाणी आधीच तोडले होते. भूकंपाने त्या ऱ्हासावर शिक्कामोर्तब केले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

स्वरूप : ‘कच्छचे वाळवंट’ हा शब्दप्रयोग दिशाभूल करतो, कारण येथे वाळूच्या टेकड्या नाहीत. पावसाळ्यात नैऋत्य वाऱ्यांनी ढकललेले समुद्राचे पाणी आणि लुनीसारख्या नद्यांचे पाणी येथे पसरते. तळाशी चिकण गाळ असल्याने ते मुरत नाही. ऊन-वाऱ्याने आटते आणि मीठ मागे राहते. खानदेशातील वाचकाला हे समजणे सोपे आहे. धाब्याच्या (सपाट मातीच्या छपराच्या) घरावर पावसाळ्याआधी खारी माती पसरतात, ती याच गुणासाठी : ओल लागली की ती फुगून दाट होते आणि पाणी खाली उतरू देत नाही. पांढऱ्या रणात टाच जोराने मारली, तर मिठाचा पोपडा फुटून खाली काळपट, ओला चिखल दिसतो. चपलेला लागलेला हा चिखल वाळला की त्यावरही मीठ फुलते. रणाला जगातील सर्वांत मोठे मिठाचे मैदान म्हणतात, पण त्याचा बराच भाग चिखलाचा व दलदलीचा आहे. सलग मिठाच्या थरापुरते बोलायचे, तर तो मान बोलिव्हियातील उयुनीला द्यावा लागेल.

रणातील उंचवट्यांना ‘बेट’ म्हणतात. खदीर बेटावर धोलावीरा हे हडप्पाकालीन नगर आहे. पच्छम बेटावरील काळो डुंगर (४६२ मी.) हे कच्छातील सर्वांत उंच ठिकाण असून तेथे दत्तात्रेयाचे देऊळ आहे आणि कोल्ह्यांना प्रसाद घालण्याची जुनी प्रथा आहे. रोहित पक्ष्यांची (फ्लेमिंगोंची) वीण रणाच्या आतल्या भागात होते.

दर्शन : खानदेशातून जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूरवरून जाणाऱ्या तापीकाठच्या लोहमार्गाने सुरत गाठून पुढे अहमदाबाद व भूजला जाता येते. भूजपासून धोर्डो सुमारे ८० किमी. आहे. वाटेतील भिरंडियारा हे गाव माव्यासाठी प्रसिद्ध आहे. प्रदेश सीमेलगत असल्याने परवाना काढावा लागतो. धोर्डोचा रणोत्सव हिवाळ्यात भरतो आणि पौर्णिमेच्या रात्रीला विशेष गर्दी असते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची दत्तयात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेची. ती करून लगेच रणाकडे निघण्याचा बेत कोणी आखतो. मात्र पाऊस लांबलेल्या वर्षी तोपर्यंत रणात घोटाभर पाणी असू शकते, म्हणून पौष किंवा माघ पौर्णिमा अधिक भरवशाची.