साम्याचा टक्का वेगळा, एआयचा टक्का वेगळा

‘प्लॅगरिझम किती आला?’ ऑनलाइन कोर्सची असाइनमेंट अपलोड झाली की वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न येतोच. एक जण 32 सांगतो, दुसरा 40. पहिल्याचा आकडा साम्याचा असतो, दुसऱ्याचा मॅडमनी कळवलेला, एआयने किती लिहिलं याच्या अंदाजाचा. ग्रुपवर मात्र दोन्ही ‘प्लॅगरिझम’ (वाङ्मयचौर्य) म्हणूनच खपतात. स्टाफरूममध्येही फार वेगळं चालतं असं नाही. टर्निटिनसारख्या एकाच सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये दोन टक्के शेजारी शेजारी बसलेले असतात, मग गल्लत होणारच.

साम्याचा टक्का म्हणजे साधी जुळवाजुळव. तुमच्या फाइलमधले शब्दांचे तुकडे वेबसाइट, संशोधनपत्रिका आणि आधी जमा झालेल्या विद्यार्थ्यांच्या लेखनाशी ताडून पाहिले जातात. जुळलेला प्रत्येक तुकडा रंगतो, त्याला क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकावर क्लिक केलं की मूळ मजकूर समोर येतो. या आकड्याची खरी ताकद या क्लिकमध्ये आहे: बहुतेक वेळा तो उघडून पडताळता येतो. पण मजकूर जुळला एवढंच सॉफ्टवेअर सांगतं. चोरी झाली की नाही, ते माणसाने ठरवायचं.

समजा असाइनमेंट 1500 शब्दांची आहे आणि साम्य 32 टक्के आलं, म्हणजे 480 शब्द जुळले. रिपोर्ट उघडला तर 210 शब्द शेवटच्या संदर्भयादीचे निघतात, 120 शब्द विद्यार्थ्याने जसाच्या तसा उतरवलेल्या प्रश्नाचे (तो वर्गातल्या सगळ्यांनीच उतरवलेला असतो), 60 शब्द अवतरणचिन्हात नाव देऊन घेतलेले. उरले 90. ते एका वेबसाइटवरून सलग उचललेले, कुठेही उल्लेख नाही. वाङ्मयचौर्य आहे ते या 90 शब्दांत, म्हणजे अवघं 6 टक्के. टर्निटिनच्या रंगांत 24 टक्क्यांपर्यंत हिरवा असतो आणि 25 पासून पिवळा. म्हणजे एखाद्याने फक्त तो परिच्छेद चोरला असता, तर रिपोर्ट हिरवागार दिसला असता. म्हणून आकड्याआधी फिल्टर पाहायचे. संदर्भयादी, अवतरणं आणि बारीकसारीक जुळण्या वगळता येतात. त्या वगळल्या आहेत की नाहीत, हे न सांगता दिलेला टक्का निरुपयोगी.

इथे ‘यूजीसीचे 10 टक्के’ हमखास पुढे येतात. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. प्रबंधात साम्य 10 ते 40 असेल तर 6 महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं. 40 ते 60 असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. 60 च्या वर नोंदणीच रद्द. पण हे टप्पे प्रबंध, प्रबंधिका, शोधनिबंध अशा लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, टर्म पेपर, निबंध आणि उत्तरपत्रिका त्याच नियमांच्या व्याख्येत स्पष्टपणे वगळल्या आहेत. कॉलेजने असाइनमेंटसाठी स्वतःची मर्यादा जरूर घालावी, पण ती यूजीसीच्या नावावर खपवू नये. आणि हे सगळे टप्पे साम्याचे आहेत. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर 2022 मध्ये, नियम 2018 चे. ‘एआय 10 टक्क्यांच्या आत हवं’ असं कुणी यूजीसीचं नाव घेऊन सांगत असेल, तर दोन वेगळ्या आकड्यांची खिचडी झाली आहे.

एआयच्या टक्क्यामागे कुठलाही स्रोत नसतो. तिथे क्लिक करून मूळ मजकूर दिसत नाही, कारण मूळ मजकूर नाहीच. सॉफ्टवेअर लेखनाची धाटणी पाहतं: पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, वाक्यं किती एकसारख्या चालीची आहेत. मजकुराचे काही वाक्यांचे तुकडे पाडून प्रत्येक वाक्याला शक्यतेचे गुण दिले जातात आणि त्यातून एक टक्का निघतो. थोडक्यात, हा अंदाज आहे.

त्या टक्क्याचा छेदही वेगळा असतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. टर्निटिन सलग गद्यच मोजतं. तक्ते, मुद्द्यांच्या याद्या, प्रोग्रामचा कोड त्यात धरत नाही. फाइल 2000 शब्दांची असली आणि मोजण्याजोगं गद्य 900 च शब्द असलं, तर ‘एआय 40 टक्के’ म्हणजे 360 शब्द. पूर्ण फाइलच्या हिशेबाने ते 18 टक्के भरतात. 300 शब्दांपेक्षा कमी गद्य असेल तर आकडा मिळतच नाही. 1 ते 19 टक्क्यांच्या जागी नुसती चांदणी (*) दिसते, कारण त्या पट्ट्यात चुकीचा ठपका बसण्याची शक्यता जास्त असल्याचं कंपनीच सांगते. केवळ या आकड्यावर विद्यार्थ्यावर कारवाई करू नका, हेही कंपनीच सांगते.

चुकीचा ठपका 1 टक्क्याहून कमी, असा कंपनीचा दावा होता. ऐकायला बरा वाटतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हिशेब मांडला: 2022 मध्ये त्यांच्याकडून 75,000 लेखनं टर्निटिनमध्ये गेली होती, 1 टक्का धरला तरी सुमारे 750 जणांवर नाहक ठपका. ऑगस्ट 2023 मध्ये त्यांनी ही सोयच बंद केली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने एआय-लेखन ओळखणारं स्वतःचं साधन त्याआधी महिनाभर, जुलैमध्ये, कमी अचूकतेमुळे मागे घेतलं होतं. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी जास्त महत्त्वाचा आहे तो स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये केलेला अभ्यास. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांनी 7 ओळख-साधनांतून काढले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या या निबंधांपैकी सरासरी 61 टक्के ‘एआयने लिहिलेले’ ठरले. कारण सरळ आहे: मोजका शब्दसंग्रह, ठरावीक वाक्यरचना. मराठी माध्यमातून आलेला, पाठ केलेल्या साच्यांतून जपून इंग्रजी लिहिणारा विद्यार्थी नेमका याच जाळ्यात सापडतो.

दोन आकड्यांची गल्लत सगळ्यात महाग पडते ती ‘प्लॅगरिझम काढून देतो’ म्हणणाऱ्यांकडे. 32 चे 8 करायचे म्हणून मजकूर शब्द फिरवणाऱ्या टूलमधून काढला जातो. साम्य उतरतं, पण आता वाक्यं यंत्राची झालेली असतात आणि एआयचा टक्का चढतो. मग तो उतरवायला आणखी एक टूल. शेवटी हातात जे येतं त्यात शास्त्रीय संज्ञाही फिरलेल्या असतात. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘बिग डेटा’चं ‘कलॉसल इन्फर्मेशन’, असे नमुने छापील शोधनिबंधांतही सापडले आहेत. परीक्षकाला मग कुठल्याच टक्क्याची गरज उरत नाही. शिवाय अनोळखी साइटवर फाइल टाकली आणि तिने ती साठवून ठेवली, तर आपलाच मजकूर नंतर आपल्याविरुद्ध जुळू शकतो. एकाच कोर्समध्ये आधी तपासलेला मसुदाही, तो साठवला गेला असेल तर, दुसऱ्या खात्यातून टाकल्यावर 100 टक्क्यांच्या जवळ जातो.

साम्याच्या बाबतीत पुरावा रिपोर्टमध्येच असतो. एआयचा पुरावा रिपोर्टबाहेर शोधावा लागतो. सगळ्यात भक्कम जागा संदर्भयादी. प्रत्येक डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून पाहा. तो उघडत नसेल, किंवा भलत्याच विषयाचा लेख उघडत असेल, तर तो संदर्भ बनावट असण्याची दाट शक्यता आहे, मग मजकूर कुणीही लिहिलेला असो. दुसरी जागा गूगल डॉक्समधली व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे बदलांची नोंद. खाडाखोड करत तीन दिवसांत वाढलेला मजकूर आणि रात्री 11:40 ला एका फटक्यात पडलेले 1200 शब्द यांतला फरक तिथे दिसतो. तरी घाई नको. वहीत लिहून मग एकदम टाइप करणारे, मोबाइलवर बोलून लिहिणारे आहेतच. तिसरी जागा दहा मिनिटांची तोंडी: ‘तिसऱ्या परिच्छेदातला हा निष्कर्ष कशावरून काढलास?’ विद्यार्थ्यांनीही कच्चे मसुदे आणि टिपणं निकाल लागेपर्यंत पुसू नयेत.

मराठीत लिहिलेल्या असाइनमेंटला दोन्ही आकडे जपून घ्यावेत. इंग्रजी लेख मराठीत उतरवला तर साधी शब्दजुळणी तो पकडत नाही. साम्य जवळजवळ शून्य येतं आणि चोरी तशीच राहते. एआयची ओळख तर टर्निटिनने फक्त इंग्रजीपासून सुरू केली होती, त्यामुळे मराठी फाइलवर कुणी एआयचा टक्का सांगितला तर आधी ते साधन मराठी तपासतं का, एवढं विचारावं. फॉन्टची भानगड आणखी वेगळी. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पीडीएफ केली, की डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांची भेळ असते. सॉफ्टवेअर तीच वाचतं. स्कॅन केलेल्या पानांत तर मजकूरच नसतो. तपासायला अर्धं मिनिट लागतं: पीडीएफमधल्या दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी न दिसता अगम्य चिन्हं दिसली, तर त्या फाइलचं ‘0 टक्के साम्य’ कोरं आहे. युनिकोडमधली (मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणारी) फाइल मागवून तपास पुन्हा करावा लागेल.